माझ्या नावापाशी अडकलेली डीव्हीडी

सुनीता, सकाळी भावकीच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकलास तो बरोब्बर माझ्या नावापाशी कापलास.

आज आत्याबाईंना जाऊन वरीस झालं. माझ्या सासूबाई. तुझ्याबी. पण तुझा व्हिडिओ बघून कुणालाबी वाटंल, त्यांना एकच सून हुती.

पंच्याहत्तरीचा कार्यक्रम. आत्याबाई मांडवात माईक धरून बसल्यात. "माझी धाकटी सुनीता बावधनला ऱ्हाती, पण दर सणाला पोळ्या करून आणती." टाळ्या. मग म्हणत्यात, "आन माझी थोरली…"

खलास.

खाली लोकांनी लिवलंय, किती नशीबवान सून!

मी तवा कुटं हुते, ठाव हाय ना तुला? मांडवामागं. कढईपाशी. तुमच्या सगळ्यांच्या पुऱ्या तळत हुते.

तुमी ऐकलं. मी न्हाई ऐकलं.

नंतर ज्याला त्याला इचारलं, तर म्हणत्यात, "चांगलं बोलल्या." चांगलं म्हंजे काय? शब्द सांगा की! कुणाला आठवत न्हाई.

आत्याबाईंनाच इचारलं. त्या म्हणल्या, "टीव्हीत हाय समदं. तितं बघ. मी काय परत परत बोलू?"

पौडच्या शूटिंगवाल्यानं दोन डीव्हीडी दिल्या. एक तुला, एक आमाला. तुझी लगेच बावधनला गेली. आमच्याकडं प्लेअर आला दिवाळीत. लावली.

"आन माझी थोरली…" आन गप. चित्र थांबलं. आत्याबाईंचं तोंड उघडं ते उघडंच.

दर वेळी तितंच.

तुझ्याकडं मागितली न्हाई. का मागू? तू म्हणली असतीस, "अय्या ताई, माझी तर मस्त चालते."

औंदा आमच्या खोलीत भाडेकरू आली, वैशाली. अमरावतीची पोरगी, हिंजवडीला कंपनीत जाती. तिला म्हणलं, एवढी शिकलीस, मला एवढं फाईल करून दे. मोबाईलात घालून ठेवीन.

तिनं कन्व्हर्टला लावलं. एरर.

म्हणली, आधी आख्खी डीव्हीडी लॅपटॉपवर कॉपी करून बघू. शेवटाला आली आन परत एरर.

मग कुटनं तरी दुसरं सॉफ्टवेअर आणलं. म्हणली, हे खराब जागा सोडून पुढं जातं. गेलं की पुढं! "आन माझी थोरली" झालं, आन एकदम लोक पंगतीला बसलेले.

"अगं, जे पायजे तेच सोडलं की ह्यानं!"

"काकू, त्याला तेवढं वाचताच येत नाहीये."

"वाचता मलाबी येत न्हाई नीट. मी सोडते का?"

हसली. मग चकती काढून, उलटी करून खिडकीत धरली.

"काकू, हे कडेला लाल काय आहे?"

बघते तर कुंकू. वाळून कडक झालेलं. मधी बोटाचा ठसा.

तवा डोक्यात उजेड पडला. खंडेनवमीला इळा, कोयता, कुदळ, शिलाई मशीन, समद्याला आत्याबाई हळद-कुंकू लावायच्या. त्या साली चकतीबी पाटावर मांडली हुती. चकचकीत बाजू वर करून! म्हणल्या, "माझा सोहळा हाय त्यात. तिला नको व्हय?"

वैशाली म्हणली, "ओल्या मऊ कापडानं मधून कडेकडे पुसू. बहुतेक चालेल."

मी तिचा हात धरला.

काय ऱ्हायलंय हितं आत्याबाईंचं? लुगडी वाटली. चष्मा तू नेलास. काठी तू नेलीस, आन ती तुझ्या शोकेसमधी उभी केलीस. ऱ्हायलं एवढं बोट.

खरं सांगते, त्या दिशी लई बरं वाटलं. तुझ्या चकतीला कुंकू न्हाई.

पण आज तुझा व्हिडिओ आला.

तुझ्याकडं त्यांचा आवाज. माझ्याकडं बोट. मला दोनी पायजे. चौदा वर्सं त्यांचं केलं मी, तू सणाला यायचीस.

फोन केला तर म्हणतीस, "ताई, फाईल मोठी होती, जात नव्हती म्हणून कापली. बघते नंतर."

नंतर न्हाई चालणार. सोमवारी वैशाली खोली सोडतीया. रविवारी तुझी डीव्हीडी घेऊन ये. ती लॅपटॉपवर घेऊ, आन माझी हाय तशी देव्हाऱ्यात ठेवीन.

न्हाई आलीस, तर सोमवारी सकाळी ओलं फडकं घेऊन मीच बसणार. आन ते बोट तुझ्यापायी पुसलं, हे समद्या भावकीला सांगणार.

आत्याबाई, पाया पडते. त्या दिशी माझ्याबद्दल जे बोलला असाल ते असू द्या. शिव्या असल्या तरी ऐकायच्यात.

सुनीता, येतीस का न्हाई? हितंच, सगळ्यांसमोर सांग. रविवार उजाडायच्या आत.