पाण्यातल्या महादेवाला विचारलं तेव्हा

देव आहे याबद्दल मला कधी शंका आली नाही. मागच्या वैशाखात शंका आली ती त्याच्या उत्तराबद्दल, आणि त्यालाही कारण मीच होते, हे आधी कबूल करते. आमच्या माहेरी देवापुढे चिठ्ठ्या टाकायची पद्धत होती. कागदाचे दोन सारखे तुकडे घ्यायचे, एकावर 'हो' लिहायचं, दुसऱ्यावर 'नाही', चार घड्या घालून वाटीत अक्षतांबरोबर खालीवर करायचे आणि डोळे मिटून एक उचलायचा. आई आमची स्थळंसुद्धा अशीच ठरवायची. मी ती सवय सासरी नाशिकला घेऊन आले आणि इथे तिला भलतीच वाढवली. फ्रीज कुठला घ्यायचा, लेकीला सायन्सला घालायचं का, गच्चीला पत्रे टाकायचे का, सगळं आमच्या देवघरातल्या महादेवाला विचारून. आमचे हे चेष्टा करायचे, "त्या बिचाऱ्याला जरा सुट्टी दे. आज भेंडी की गवार एवढं तरी तुझं तू ठरव." हे गेले त्याला नऊ वर्षं झाली. त्यानंतर तर चिठ्ठ्यांशिवाय माझं काही चालेनासंच झालं. एकट्या बाईला घरात 'हो' किंवा 'नाही' म्हणणारं कुणीतरी लागतं, आणि माझ्याकडे तेवढा तोच होता.

पंचवटीत एक लहानसं वाचनालय आहे, तिथे मी पुस्तकं देण्याघेण्याचं काम करते. देवरेसाहेब तिथे रोज सकाळी पेपर वाचायला यायचे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, पत्नी जाऊन पाच वर्षं झालेली, बोलणं मोजकं. आमची ओळख पुस्तकांवरूनच वाढली. ते एखादं पुस्तक परत करताना त्यातलं काय आवडलं ते दोन वाक्यांत सांगत आणि मी ती दोन वाक्यं दिवसभर मनात घोळवत बसे. एक दिवस ते टेबलाशी उभे राहिले आणि पुस्तकाची मुदत वाढवून मागावी इतक्या साध्या आवाजात म्हणाले, "उरलेली वर्षं आपण सोबत काढायची का? मुलगा मला कायमचं बंगळूरला बोलावतोय. मे संपायच्या आत त्याला कळवायचंय. तुम्ही हो म्हणालात तर मी जाणार नाही."

मी एक्कावन्न वर्षांची. कानशिलं तापली आणि हातातला शिक्का भलत्याच पानावर उठला. पुण्याला लेकीला फोन केला, तर ती म्हणाली, "आई, मला थोडं जड जाईल, खोटं कशाला बोलू? पण तुला काय वाटतं ते सांग, मी तुझ्या बाजूने आहे." मला काय वाटतं, एवढंच तर मला सांगता येत नव्हतं. मी सरळ देवघरात जाऊन बसले.

पहिल्या चिठ्ठीत 'हो' निघालं. मी इतकी घाबरले, की दिवा लावायच्या आधीच विचारलं म्हणून ते धरायचं नाही, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी दिवा, उदबत्ती, बेल, सगळं करून विचारलं, तर 'नाही'. त्या दिवशी वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं. मग त्या दिवशी अमावस्या होती ना, म्हणून तेही बाद. असं आठ दिवसांत अकरा वेळा झालं. देवाचा कौल म्हणता म्हणता मी त्याच्यापुढे मतमोजणी मांडली होती, आणि निकाल आवडला नाही की फेरमतदान. देवघराशेजारी आमच्या यांचा फोटो आहे, त्यामुळे चिठ्ठी उचलताना मान आपोआप खाली जायची ती वेगळीच. शेवटी मी वाटी उपडी घातली आणि रडले. तो माझ्याशी बोलायचा बंद झालाय असं मला अगदी मनापासून वाटलं.

महिना संपायला आला तसे देवरेसाहेब एका सकाळी म्हणाले, "खालच्या धरणाचं पाणी सोडलंय. सायखेड्याकडे नदीच्या पात्रातली जुनी देवळं वर आली असतील. बघून या. मी बरोबर येत नाही, नाहीतर तुम्हाला वाटेल उत्तर मागायला आलो." वर्षातले बहुतेक दिवस ही देवळं गोदावरीच्या पाण्याखालीच असतात, हे मी ऐकून होते. मला एकदम वाटलं, जिथे मला कुणी ओळखत नाही, जिथे माझं देवघर नाही आणि फोटो नाही, तिथे एकदाच विचारावं आणि जे निघेल ते मुकाट्याने घ्यावं. तशी शपथच घेतली. दोन चिठ्ठ्या आणि चिमूटभर अक्षता एका स्टीलच्या डबीत घातल्या आणि निमाणीच्या स्टँडवरून सकाळची बस पकडली.

बसमध्ये डुलकी लागली. स्वप्न असं काही पडलं नाही, नुसताच पाण्याचा हिरवा उजेड दिसत राहिला आणि त्यात कुणीतरी शांतपणे पाय सोडून बसलं आहे असं वाटत राहिलं. कंडक्टरने हाक मारली तेव्हा मी कुठे चालले आहे हे क्षणभर आठवेना. काठावरून खाली उतरले तरी ती झोप पुरती गेली नव्हती. पात्र उघडं पडलेलं, गाळाला भेगा, मध्ये उथळ पाण्याच्या पट्ट्या आणि त्यांच्यापलीकडे काळ्या दगडाची देवळं, कमरेपर्यंत चिखलात, ओल्या अंगानं उन्हात उभी. खांबांवर शेवाळ वाळत होतं. बगळे इतके हळू चालत होते की आवाज करायची माझीच मला लाज वाटली. चप्पल हातात घेऊन मी एका देवळात वाकून शिरले. आत गार होतं, गाळाचा वास होता, आणि सत्तरी उलटलेली एक बाई करवंटीने पिंडीवरचा गाळ खरवडत बसली होती.

"ये बाई, जपून. घसरडं हाय," ती मान वर न करता म्हणाली.

मी विचारलं, "मावशी, दरवर्षी येता?"

"पानी उतारलं का येती. त्याची आंघोळ ऱ्हाती ना."

"वर्षभर पाण्यातच तर असतो की तो."

"पान्यात ऱ्हाऊन आंग निघतं व्हय? उलट गाळ बसतो," ती म्हणाली आणि दुसरी करवंटी माझ्याकडे सरकवली. मीही बसले. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. आम्ही दोघी खरवडत होतो, पाणी ओतत होतो, आणि गाळाखालून थोडा थोडा गुळगुळीत काळा दगड वर येत होता. माझ्या डोक्यातला आठ दिवसांचा कलकलाट कधी थांबला ते मला कळलंच नाही. मनात काही मागणं उरलं नव्हतं. डबीची आठवण झाली तेव्हा ती उघडावीशीसुद्धा वाटेना, पण शपथ घेतली होती. माझे हात चिखलाने बरबटलेले होते. तिने पदराला हात पुसले होते, म्हणून मी म्हणाले, "मावशी, मला देवाला एक विचारायचंय. यातली एक चिठ्ठी त्याच्यापुढे उचलून द्याल?"

तिने काय, कशाला असं काही विचारलं नाही. डबी पिंडीला टेकवली, एक चिठ्ठी उचलली आणि उलगडून माझ्यासमोर धरली. "काय हाय ते वाच. मला काय वाचता येत नाय."

चिठ्ठीवर 'नाही' होतं. माझ्याच अक्षरात, निळ्या शाईत, अगदी ठळक. मी ते वाचलं आणि माझ्या तोंडून शब्द आला, "हो."

ठरवून बोलले नव्हते. तो आवाज माझा होता, पण मी तो फार वर्षांत ऐकला नव्हता. महादेवासमोर मी खोटं बोलले होते, तेही एका भोळ्या म्हातारीशी, आणि छातीवरचं ओझं मात्र उतरत चाललं होतं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ती माझ्याकडे बघत राहिली.

"चांगलं निघालं का वाईट?"

"चांगलं."

"मंग रडती कशाला? जा आता. सारखं सारखं इचारू नगं त्याला." तिने चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि पुन्हा करवंटी उचलली. मी तिचं नाव विचारलं नाही. ती कोण होती याबद्दल मला काही सांगायचंही नाही. सायखेड्याची कुणी आजीबाई असेल. तिला वाचता येत असतं तर तिने 'नाही' वाचलं असतं, मी मान डोलावली असती आणि घरी परत आले असते, एवढंच मला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडलं तेव्हा देवरेसाहेब आधीच पायरीवर उभे होते. देवळं पाहिली का, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "पाहिली. देवापुढे चिठ्ठी काढली. 'नाही' निघालं."

त्यांनी हातातल्या पेपरची घडी घातली, ती पुन्हा घातली. "बरं," म्हणाले. "त्याची मर्जी."

"आणि मी 'हो' म्हटलं," मी म्हणाले. "त्याच्यासमोरच म्हटलं."

त्यांनी पेपर काखेत धरला. मग खूप हळू आवाजात त्यांनी विचारलं, "मग तो काय म्हणाला?"

"काही नाही. ऐकून घेतलं त्यानं."

आम्ही नोंदणी पद्धतीने लग्न केलं. लेक आली, साक्षीदार म्हणून सही करताना रडली आणि जेवताना हसली. मला मात्र कधीकधी अजून धाकधूक होते. पावसाळ्यात त्यांना न्युमोनिया झाला तेव्हा चार दिवस ती निळी अक्षरं डोळ्यांपुढून हलत नव्हती. वाटलं, त्याने तर सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही. पण पुन्हा कागद फाडून विचारायला मी बसले नाही. दवाखान्यातल्या बाकावर हात जोडून म्हटलं, "मी 'हो' म्हटलंय, आता यातून जे येईल तेही तुझंच." इतकी वर्षं मी निर्णयाचं ओझं त्याच्या दारात टाकून पळत होते आणि त्यालाच शरण जाणं समजत होते. त्याच्यासमोर खरं बोलायला किती धीर लागतो हे मला त्या ओल्या गाभाऱ्यात कळलं, आणि तो धीर माझा नव्हता, इतकं मी खात्रीने सांगू शकते. तो मला दिला गेला. त्याबद्दल आभार कसे मानायचे हे अजून नीट जमत नाही. रोज सकाळी दिवा लावते, दोघांच्या चहाचं आधण ठेवते, आणि त्याला सांगते, आज हे असं करायचं ठरवलंय, सांभाळून घे रे बाबा.