कादंबरीतला बाप

मंगरूळपीरला आमच्या शेजारी राहणाऱ्या सिस्टर सरकारी दवाखान्यात नर्स आहेत. बोलणं भरभर, समोरच्याचं वाक्यही त्याच पुरं करून टाकतात. त्यांनी वडिलांवर कादंबरी लिहिली आणि प्रकाशकाकडे देण्याआधी पुण्याच्या एका व्यावसायिक संपादिकेला वाचायला पाठवली. आलेला अभिप्राय त्यांनी ओट्यावर बसून आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवला. भाषा जिवंत आहे, पण बाप देवासारखा आहे, खरा वाटत नाही, असं त्यात होतं.

"तिले काय मालूम माहा बाप कसा होता?" म्हणत त्या उठून गेल्या. वडील जाऊन वर्षही झालं नव्हतं.

पुढे ड्यूटीवरून आल्या की त्या लिहीतच बसायच्या. एका रविवारी हाक मारून त्यांनी मला नवं प्रकरण ऐकवलं. त्यात बाप रागाच्या भरात मुलीची पुस्तकं चुलीत घालतो आणि सकाळी राख उपसताना रडतो.

"हे खरंच घडलं?" मी विचारलं.

"हो भाऊ. मीनंच झाकून ठेवलं होतं." डोळे भरले होते, पण मान ताठ होती. "आता धाडतो तिले परत. वाच म्हणा बाई, माहा बाप आता माणूस दिसते."