केबलवर आळ

हातातली केबल तो दोन बोटांत धरायचा, मेलेल्या उंदराची शेपटी धरावी तशी, आणि अंगापासून लांब करून गिऱ्हाइकाला विचारायचा, "ही कुठनं उचलली?"

गिऱ्हाईक बिचारं फोन दाखवायला आलेलं असायचं. फोन चार्ज होत नाही, लॅपटॉपला लावला तर दिसत नाही, फोटो जायला अर्धा दिवस लागतो, अशी रड. हा फोनकडे ढुंकूनही बघायचा नाही. "फोनचा दोष नाय. फोन गरीब हाय. दोष केबलचा. आनि तुजा, तू ती इकत घेतली." बोहनीची वेळ असो की दुकानात चार बायका उभ्या असोत, आवाज तोच.

कोपरखैरण्यात, बोनकोडे गावातून सेक्टरकडे बाहेर पडताना डाव्या हाताला त्याचा गाळा होता. त्या बाजूला राहिला असाल तर त्याचा ओरडा तुम्हीही खाल्ला असेल. आता तिथे केकचं दुकान आहे. सगळे त्याला दादा म्हणायचे, मीही. पन्नाशीचा, मूळ गावातला आगरी माणूस, कपाळाला कायमची आठी. लोकांचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो म्हणतात. याचा तिथून खाली उतरलेला मी कधी पाहिला नाही. मीही तापट, म्हणून आमचं जमलं, असं मी सांगत फिरायचो. खोटं आहे ते. मी तिथे बसायचो फुकटच्या प्लगसाठी.

एकदा एक टाय घातलेला माणूस सिग्नलवर घेतलेली केबल घेऊन आला. फोन लॅपटॉपला जोडूनही दिसत नव्हता. दादाने गल्ल्यातून ब्लेड काढलं आणि न विचारता केबल मधोमध सोलली. तो माणूस "अहो, अहो" करेपर्यंत आतल्या तारा बाहेर.

"मोज. किती हायत?"

"दोन."

"लाल नि काली. करंट येईल, डेटा नाय येनार. डेटाला हिरवी नि पांढरी लागते. चार तारा पायजेत. तुज्या केबलला आतडीच नायत."

"पण बॉक्सवर फास्ट डेटा लिहिलंय."

"टेम्पोवर पन वाघ लिवलेला असतो."

हसण्यासारखं आहे, पण मला त्या वेळीही संताप आला होता, आणि आजही येतो. वरून दोन्ही केबली सारख्याच दिसतात. तोच पांढरा रंग, तीच चकचकीत टोकं. आत तारा नाहीत, हे विकणाऱ्याला माहीत असतं आणि घेणाऱ्याला नसतं. या सगळ्या धंद्यात उघडपणे चिडणारा एक माणूस मी पाहिला, आणि लोक त्यालाच उद्धट म्हणायचे.

सानपाड्याच्या एक शिक्षिका यायच्या. शाळेच्या कार्यक्रमाचे व्हिडिओ फोनमधून लॅपटॉपवर घ्यायला त्यांना तासन्‌तास लागायचे. दादाने त्यांच्या केबलने एक व्हिडिओ सोडला आणि मनगटावरच्या घड्याळात बघत बसला. मग तोच व्हिडिओ स्वतःच्या जाड, काळ्या केबलने सोडला. बाई पर्समधून चष्मा काढेपर्यंत काम झालं होतं. "मॅडम, पोरांना गनित शिकवता ना तुमी? मंग एवढे दिवस हिशोब नाय केला?" बाई रागावून निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी येऊन केबल घेऊन गेल्या, आणि पुढच्या महिन्यात त्यांनी अर्धी शाळा पाठवली.

कोणतीही केबल तो घड्याळ लावून तपासल्याशिवाय विकत नसे. माल देणारा वाशीचा होलसेलवाला वीस वर्षांचा दोस्त होता, तरी त्याच्याही मालातला एकेक नग तपासायचा. त्यात दुपार जायची. मी म्हणालो, "दादा, कंपनी चेक करते की." म्हणाला, "कंपनी बघायला येते का, कोन रडतंय ते?"

आता आमच्याबद्दल, म्हणजे त्याच्याकडे टेकणाऱ्या लोकांबद्दल. भिंतीला त्याने सहा खणांचा चार्जिंगचा बोर्ड लावला होता, माल तपासायला. त्यावर कायम सहा फोन लटकलेले, आणि सहापैकी एकही त्याचा नाही. "दादा, जरा दहा टक्के." भाजीवालीचा, रिक्षावाल्याचा, जिमला जाणाऱ्याचा, माझा. विकत कोणी काही घेत नव्हतं. तो म्हणायचा, "माज्या दुकानाची धरमशाला केली तुमी लोकांनी." पण कुणाचाही फोन त्याने कधी काढून ठेवला नाही. ज्याचं खायचं त्यालाच खडूस म्हणायचं, ही आमची लायकी.

त्याच्या आत्याबद्दल मला बऱ्याच उशिरा कळलं. आगरी लग्नात धवले म्हणतात. मांडव घालण्यापासून हळद उतरवण्यापर्यंत प्रत्येक विधीचं वेगळं गाणं, आणि ती गाणारी बाई म्हणजे धवलारीण. त्याची आत्या बोनकोड्याची धवलारीण. आई लहानपणीच गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. पुढे तिला घशाचं दुखणं झालं आणि ऑपरेशनने आवाज जाणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं. तेव्हा हा तीन दुपारी तिच्यासमोर फोन धरून बसला आणि तिने आठवतील तेवढे धवले त्याला म्हणून दिले. नंतर आवाज गेला तो गेलाच. दुसऱ्या कुणाला ते सगळे येत नव्हते.

तो जुना फोन गल्ल्याशेजारच्या खणात असायचा, फडक्यात गुंडाळलेला. गाणी त्याच्या मेमरी कार्डात. सगळ्या जगाला "दुसरीकडे कॉपी ठेवा" म्हणून झापणाऱ्या माणसाकडे स्वतःची दुसरी कॉपी नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. विषय काढला तर म्हणायचा, "पोरीच्या लग्नाला काढीन. हलदीला आत्याच गानार, बग तू."

मुलीचं लग्न ठरलं. हळदीच्या आधीच्या शनिवारी त्याने तो फोन फडक्यातून काढला आणि लॅपटॉपला जोडला. गाणी लॅपटॉपवर घ्यायची, तिथून पेन ड्राइव्हवर, आणि मग मांडवातल्या स्पीकरला. फोन जुना, त्याची पिन जुनी, वेग मुंगीचा. केबल मात्र त्याची सगळ्यात विश्वासाची होती. लॅपटॉपची दुसरी खाच बंद पडलेली, एकच चालायची. त्याने सगळ्या फाइली निवडल्या आणि कॉपी करण्याऐवजी कट केल्या. दिवसभर लोकांचे भरलेले फोन रिकामे करून द्यायची सवय. बोटं आपोआप तिकडे गेली असणार. पडद्यावर आलं, दोन तास बाकी.

तेवढ्यात घरून निरोप आला, मांडववाला आलाय.

"इकरं बस," तो मला म्हणाला. "येतंय अर्ध्या तासात. वायरीला हात लावू नको."

"जा तुम्ही, मी आहे."

मी कळंबोलीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात आहे. त्या दिवशी एक गाडी रस्त्यात बंद पडली होती आणि मालक दर पाच मिनिटांनी मला फोन करत होता. माझ्या फोनमध्ये दोन टक्के उरले होते. बोर्डावर सहा फोन. त्यातला कुठलाही एक काढला असता, तर त्याचा धनी येऊन भांडला असता. दादा भांडला तरी मनात ठेवणार नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी लॅपटॉपमधून त्याची केबल काढली आणि माझी लावली.

पाच मिनिटं फक्त. नळ बंद करून परत सोडला की पाणी येतंच, तेवढीच माझी अक्कल.

मालकाशी बोलून झाल्यावर मी त्याची केबल परत जोडली. पडद्यावर अक्षरं आली: हे कार्ड वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा. मी परत काढली, परत जोडली. तीच अक्षरं.

तो आला तेव्हा त्याच्या हातात माझ्यासाठी आणलेला चहा होता. पडदा बघून त्याने ग्लास खाली ठेवला आणि विचारलं, "काय झालं रं?"

मी म्हणालो, "माहीत नाही दादा. आपोआप गेलं. केबल लूज असेल."

चोराच्या उलट्या बोंबा मी आयुष्यात खूप ऐकल्या आहेत, ऑफिसात तर रोज. माझ्याच तोंडातून त्या इतक्या सहज निघतील असं वाटलं नव्हतं. आणि त्याचा विश्वास बसला. बसणारच. फोन गरीब, दोष केबलचा, हे तोच तर वीस वर्षं सांगत होता. मी त्याचीच शिकवण त्याच्या तोंडावर मारली आणि तो "हां" म्हणाला.

मग तो ओरडायला लागला. केबलवर. रस्त्यावरची माणसं थांबली इतका. ब्लेड काढून त्याने ती त्याची लाडकी केबल टोकापासून टोकापर्यंत सोलली. चारही तारा धड होत्या. मीटर लावून एकेक तपासली. चारही बोलत होत्या. त्याने मान वर करून मला विचारलं, "चारी जित्या हायत. मंग झालं कसं?"

ही दुसरी संधी होती. मी म्हणालो, "आतून कुठेतरी असेल."

तो तसाच उठला आणि वाशीला गेला. वीस वर्षांच्या दोस्ताच्या दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, त्याने त्या सोललेल्या तारा फेकल्या आणि नको नको ते बोलला. होलसेलवाला माल बदलून देतो म्हणाला, हात जोडले, काही उपयोग झाला नाही. त्यानंतर दोघं बोलले नाहीत. त्या माणसाचा काडीचा दोष नव्हता.

कार्ड त्याने तीन ठिकाणी नेलं. हाताला काही लागलं नाही. लॅपटॉपवर त्याआधी पूर्ण आलेली फाइल एकच होती, पहिली.

लग्नानंतर त्याने केबली ठेवणंच बंद केलं. कुणी मागितली तर म्हणायचा, "माजा भरवसा नाय रायला." मग कव्हर आणि काचा विकायचा, त्यात त्याचं मन नव्हतं. वर्षभरात गाळा भाड्याने देऊन मुलीच्या गावाकडे, उरणला गेला. निघताना तो सहा खणांचा बोर्ड मला देऊन गेला. मी तो लावलेला नाही. ही कबुली त्याच्याजवळ द्यायची सोडून तुमच्याजवळ देतोय, हाही पळपुटेपणाच आहे. मला माझा इतका राग येतो की हे लिहितानाही दात आवळले जातात, पण उरणची बस काही मी पकडत नाही.

हळदीचं सांगायचं राहिलं.

संध्याकाळी गावात मांडव भरला होता. गेलो नसतो तर ते डोळ्यावर आलं असतं, म्हणून गेलो. नवरीला पाटावर बसवलं. दादाने डीजेवाल्याला गप्प केलं आणि पेन ड्राइव्ह दिला. म्हणाला, "आवाज तरी ऐकू दे पोरीला."

स्पीकरमधून आत्याचा आवाज आला, खणखणीत. "थांब रं पोरा. आधी पानी पिते, मंग गाते." पाणी प्यायल्याचा आवाज, भांडं खाली ठेवल्याचा आवाज, आणि संपलं.

मांडवातल्या बायका थांबून राहिल्या. पुढचं येईल असं त्यांना वाटत होतं. आत्या नवरीशेजारी खुर्चीवर बसली होती, गळ्याला पांढरं फडकं. तिचे ओठ हलायला लागले. दोन म्हाताऱ्या तिच्या ओठांकडे बघून गायला लागल्या, दुसऱ्या ओळीला अडल्या, परत सुरू केलं, परत तिथेच अडल्या. आत्या हाताने सांगत होती, नाही, असं नाही. मग तिने हात मांडीवर ठेवला. कुणीतरी डीजेला खूण केली.

मी चपला शोधत होतो. दादाने मागून माझं मनगट धरलं आणि मला ओढत तिच्यासमोर नेलं.

"आत्ये, यो तो. मी मांडववाल्याकरं आलो ना, तवा तुज्या गान्याजवल योच बसलेला. सोडून गेला नाय."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. वाटीत बोटं बुडवून तिने माझ्या दोन्ही गालांना हळद लावली आणि डोक्यावर हात ठेवला. मी खिशातला रुमाल काढला.

"पुसू नको रं," दादा म्हणाला. त्याचा आवाज इतका खाली मी कधी ऐकला नव्हता. "आत्याचा हात हाय तो."

मी म्हणालो, "नाही पुसत, दादा."