खांदे खाली, पाऊल अंगाखाली

पन्नाशी ओलांडल्यावर मी धावायला लागले. पहिल्याच महिन्यात गुडघे बोलायला लागले. फिजिओथेरपी शिकणारी माझी मुलगी सुट्टीत जळगावला आली होती. ती सकाळी माझ्याबरोबर मेहरुण तलावावर आली आणि मी धावताना तिने मोबाईलवर व्हिडिओ काढला.

तो बघून मी बाकावरच बसले. सुटलेली एसटी पकडायला निघालेली बाई दिसत होते मी! खांदे कानांना लागलेले, मुठी आवळलेल्या, आणि प्रत्येक पाऊल डबकं ओलांडल्यासारखं लांब पुढे फेकलेलं.

"आई, तू दर पावलाला स्वतःलाच ब्रेक मारतेयस," मुलगी म्हणाली. "टाच लांब पुढे आपटते, सगळा दणका गुडघ्यात जातो. पाऊल अंगाखाली पडू दे. छोटी पावलं टाक, पण भराभर. आणि कमरेत वाकू नकोस, घोट्यापासून जराशी पुढे कल."

"पडेन ना मी!"

"पडायला लागलीस की पाय आपोआप पुढे येईल. तेच तर धावणं."

आठवडाभर मी लहान मुलीसारखी दुडकत होते. मग एके सकाळी काय झालं कोण जाणे, पायांचा धपधप आवाजच बंद झाला. कोपरं मागे जात होती, पाय त्यांच्या तालावर उचलले जात होते, गुडघे गप्प होते. मी एकटीच मोठ्याने हसले. समोरून चालत येणारे दोन आजोबा घाईघाईने बाजूला झाले.

त्यानंतर मी भेटेल त्याला धावणं शिकवायला लागले. धुळ्याला पुतण्याचं लग्न होतं, तिथेही. हळदीच्या सकाळी माझी जाऊ, म्हणजे नवरदेवाची आई, स्वयंपाकघरात डोकं धरून बसली होती. आचारी उशिरा येणार होता, तीन पाहुण्या रुसल्या होत्या. मी तिला हाताला धरून उठवलं.

"चल, दहा मिनिटं पळून येऊ."

"वेडी झालीस का? आज?"

पण आली. पंजाबी ड्रेस, पायात मुलाचे बूट. सुरुवातीला तीही माझ्यासारखीच लांब ढांगा टाकत होती. "खांदे खाली! पाऊल अंगाखाली!" मी ओरडत होते. महामार्गाच्या कडेने लळिंगचा किल्ला दिसायला लागला तेव्हा तिचे खांदे सुटले आणि ती हसायला लागली. मग मीही. हसताना धावता येत नाही, म्हणून थांबलो, पुन्हा धावलो, पुन्हा थांबलो. किती लांब आलो याचं भान कुणाला होतं?

फोन वाजला. पलीकडून दीर ओरडत होते, "हळद लावायला बसलेत सगळे! आई कुठंय नवरदेवाची?"

रिक्षाचा पत्ता नव्हता. जाऊ म्हणाली, "आता काय गं?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता वळली आणि सुटली. काय धावली! छोटी, हलकी, भराभर पावलं, नजर समोर. मला तिला गाठता येईना. गल्लीत शिरलो तर बँडवाले चहा पीत उभे होते. त्यातल्या एकाने आम्हाला बघून कप खाली ठेवला आणि ढोल धरला. आमच्या पावलांवर ढोल वाजायला लागला. गच्चीवरून पोरी शिट्ट्या मारायला लागल्या.

मांडवाच्या तोंडाशी सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांना आम्ही अक्का म्हणतो; त्या अहिराणीतच बोलतात.

"कोठे गयथ्यात वं? बठ्ठा लोक वाट देखी राहिनात!"

"अक्का, पयाले गयथूत!" पळायला गेलो होतो, असं जाऊने धापा टाकत त्यांच्याच बोलीत सांगितलं.

अक्कांनी तिचा लालबुंद, घामेजलेला, खुशीने फुललेला चेहरा नीट बघितला. मग स्वतःच्या पदराने तो पुसला आणि वाटीतली हळद आधी तिच्याच दोन्ही गालांना फासली. नवरदेव पाटावर बसून बघतच राहिला.