बाकावर बसून राहिलेला मी

मी पदवीधर झालो तो बोर्डिंगात स्वयंपाक करणाऱ्या राहेलमावशींमुळे.

आज चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घ्यायला दारुडा याकोब सर्वांच्या आधी उठला. मागून कुणी पुटपुटलं, "काल कुठं पडला होता, विचारा त्याला!" पाळकसाहेबांनी काही विचारलं नाही. त्याच्या ओंजळीत त्यांनी भाकर ठेवली. कृपेला लायकी लागत नाही, हे मला लहानपणापासून पाठ आहे. तरी माझे पाय उठेनात. लायकी नसल्याचं कबूल तर करावं लागतं! घरी येऊन पत्र लिहिलं :

"राहेलमावशी, कोठीतला गूळ मी चोरला होता. तुम्ही पाहिलंत, तरी माझं नाव सांगितलं नाहीत. माझी शाळा टिकली, तुमचं काम गेलं. मी गप्प राहिलो. रविवारी येतोय. दार उघडाल का?"