टीचरनी नापास केलेला अभ्यासक्रम

उत्तनच्या टीचरना कुणाची किंमत करायला बोलावं लागत नसे. चष्म्यावरून एकदा पाहिलं की माणूस नापास. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या नया नगरमधल्या एका संस्थेच्या वर्गात बायकांना इंग्रजी शिकवायच्या. मी नुकतीच बी.एड. झालेली, त्यांची मदतनीस. नवा अभ्यासक्रम लिहायचं काम मात्र संस्थेने मला दिलं होतं.

मी चाळीस पानं लिहिली. नाम, सर्वनाम, सगळे काळ, मग ‘माझा छंद’ आणि ‘विमानतळावर’. टीचरनी ती दोन मिनिटांत चाळली.

“मुर्ध्याची शेवंता सकाळी मासळी विकते, दुपारी तीन घरची भांडी घासते. तिने छंद काय लिहायचा?”

विमानतळाचं पान त्यांनी चहाच्या कपाखाली सरकवलं.

काय शिकवायचं ते पुस्तकात शोधणाऱ्यांची त्यांना कीव यायची. मला त्यांनी पंधरा दिवस विद्यार्थिनींबरोबर हिंडायला लावलं. बाई बँकेत कुठे अडते, दवाखान्यात कुठे गप्प होते, ते लिहून आण म्हणाल्या. मला तो अपमान वाटला. तरी गेले.

एकदा रुक्सानाबरोबर तिच्या मुलीच्या शाळेत गेले. मला बाहेरच बसवलं. रुक्साना हसत बाहेर आली. मॅडम खूप छान बोलल्या, मी येस येस म्हटलं आणि सही केली, असं तिने हिंदीत सांगितलं. तिच्या हातातली प्रत मी वाचली. मुलीला त्याच वर्गात पुन्हा बसवायला तिने संमती दिली होती.

टीचर ऐकून संतापल्या. संतापल्या की त्यांच्या तोंडी गावची बोली येई. “सही घेताना त्या मॅडमला लाज न्हाय वाटली?” एवढंच म्हणाल्या. मग रुक्सानाकडून संध्याकाळभर इंग्रजीतली दोनच वाक्यं घोटून घेतली: मला समजलं नाही. पुन्हा सांगा. दुसऱ्या दिवशी शाळेत ती वाक्यं रुक्सानानेच म्हटली. टीचर नुसत्या शेजारी बसल्या. मुलीची फेरपरीक्षा झाली, ती पास झाली. आमचा पहिला धडा तोच ठरला.

पुढे संस्थेचे साहेब आले. व्याकरण कुठे आहे, असं विचारत त्यांनी एक गुळगुळीत रंगीत पुस्तक पुढे केलं. यापुढे हेच शिकवायचं होतं.

टीचरनी ते उलटून पाहिलं. “छान आहे. ज्यांना इंग्रजी येतं, त्यांना फार उपयोगी पडेल.”

पर्स उचलून त्या गेल्या. मी राहिले. वर्गप्रमुख म्हणवून घ्यायची मला हौस होती, आणि ती हौस मला महिनाभर पुरली. तेवढ्यात निम्म्या बायका यायच्या बंद झाल्या. चौकशी केली तर कळलं, बस पकडून उत्तनला जातात, टीचरच्या ओटीवर.

एका रविवारी मीही गेले. माफी कशी मागायची ते वाटेत ठरवत होते. टीचरनी चष्म्यावरून पाहिलं आणि शेवटच्या चटईकडे बोट केलं.

“मागे बस. शेवंता बोलतेय, ती कुठे अडते ते ऐक.”

दोन वर्षं मी त्या चटईवर बसले. टीचर वारल्या त्या आठवड्यातही वर्ग चुकला नाही, शेवंताने घेतला.