बिनकडीची खिडकी
तापलेल्या धुळीचा वास आला की नव्या रायपूरमधल्या सरकारी क्वार्टरमधले आमचे पहिले दिवस आठवतात. खिडकीला कडी नव्हती, आणि पाळण्यातल्या धाकट्या भावाच्या डोळ्यांत दिवसभर धूळ जायची. ठेकेदार आईला म्हणे, "करवा देंगे, दीदी." इंजिनियर म्हणे, "करवा देंगे." शेवटी बाबाही म्हणाले, "करवून घेतो." आई भडकलीच. "सारेच करवून राहिले, मंग करून कोन राहिलं?" तिनं बत्ता घेतला, चौकटीत खिळा ठोकला आणि झडप सुतळीनं त्याला बांधून टाकली. परवा, इतक्या वर्षांनी क्वार्टर रिकामं करताना तो खिळा मला सोबत हवा होता, पण निघता निघेना. तोच धाकटा भाऊ मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "छोड़ो ना भैया, किसी से निकलवा लेंगे."